खसखशीएवढी गोचीड आणि शाळेचं मैदान

दरवर्षी मे महिन्यात आमच्या शाळेच्या पालकसभेत एखादा फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो. यंदाच्या फोटोत एक तळहात होता आणि तळहातावर एक काळा ठिपका. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा ठिपक्याला पाय दिसले. ती गोचीड होती, आणि इथे गोचीड म्हटलं की तिच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम या रोगाची भीती. "काल शाळेतून घरी आला तेव्हा पोटरीवर होती," ती आई म्हणाली, आणि पुढे पाऊण तास सभेत दुसरा विषय निघाला नाही. मैदानावर औषध फवारा. मधल्या सुट्टीत मुलांना आतच बसवा. मागची झाडं तोडा. हरणांचा बंदोबस्त करा. एक बाबा म्हणाले, सगळ्या मुलांचं रक्त तपासून घ्या.

मी गप्प बसून ऐकत होते. तीन वर्षांपूर्वी असाच फोटो मी दाखवला होता आणि फवारणी मागणाऱ्यांत माझाच आवाज सगळ्यात मोठा होता. नंतर या विषयावर बरंच वाचलं, मुलांच्या डॉक्टरांना भंडावून सोडलं आणि मत बदललं. काळजी अजूनही आहे, पण आता ती मैदानावर कमी आणि आंघोळीच्या वेळेवर जास्त आहे. असं का, ते सांगते.

आम्ही अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात राहतो. लाइम हे गाव याच राज्यात, कनेटिकट नदीच्या मुखाजवळ. रोगाला त्या गावाचं नाव कसं पडलं ते पालकांनी ऐकण्यासारखं आहे, कारण हा रोग उजेडात आणला तो आयांनीच. 1975 साली पॉली मरे आणि जुडिथ मेन्श या दोघींनी वेगवेगळ्या वाटांनी राज्याच्या आरोग्य खात्याकडे आणि येल विद्यापीठाकडे तक्रार नेली. आजूबाजूच्या इतक्या मुलांचे गुडघे सुजतात आणि डॉक्टर प्रत्येकाला लहान मुलांचा संधिवात सांगतात, हे त्यांना पटत नव्हतं. एका गल्लीत एका मुलाला झाला तर समजू, पण शेजारच्यालाही आणि त्याच्या पलीकडच्यालाही? येलचे अ‍ॅलन स्टीअर यांनी ओल्ड लाइम, लाइम आणि ईस्ट हॅडम ही तीन गावं पालथी घातली. 51 रुग्ण सापडले, त्यातली 39 मुलं. बहुतेकांचं दुखणं उन्हाळ्याच्या आसपास सुरू झालेलं, घरं झाडीला लागून, आणि काहींना आधी अंगावर लाल चट्टा येऊन गेल्याचं आठवत होतं. 1977 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा रोगाला 'लाइम आर्थ्रायटिस' म्हटलं होतं. गोचिडीवर संशय होता, पण नेमका जंतू कोणता ते कळायला आणखी काही वर्षं गेली. 1981 मध्ये विली बर्गडॉर्फर हे मोंटानातल्या प्रयोगशाळेत न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरून आलेल्या गोचिडी फाडून भलताच रोग शोधत होते. त्यांना गोचिडीच्या आतड्यात मळसूत्रासारखे वळलेले जिवाणू दिसले. त्या जिवाणूला पुढे त्यांचंच नाव मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

आतड्यात दिसले, हे ध्यानात ठेवा. ते तिथे असतात म्हणूनच पालकांच्या हाती थोडा वेळ उरतो. पण आधी गोचिडीची ओळख.

गोचीड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुराच्या कानात टम्म फुगलेली, वाटाण्याएवढी करडी गोचीड येते. ती पोट भरल्यानंतरची. इथे ज्या काळ्या पायांच्या गोचिडीची भीती आहे, ती चावायला येते तेव्हा कशी असते हे पाहायचं असेल तर चिमूटभर खसखस आणि चिमूटभर तीळ पांढऱ्या बशीत घ्या. खसखशीएवढी ती पिल्लू गोचीड आणि तिळाएवढी ती पूर्ण वाढलेली मादी. मी खरंच खसखशीचे चार दाणे मुलीच्या दंडावर ठेवून पाहिले होते. दोन तिच्या तिळांत मिसळून गेले आणि एक लवेत अडकला.

या गोचिडीचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं आणि त्यात जेवणं तीनच. अंड्यातून निघालेली अळी सहा पायांची असते. ती जन्मतः निर्दोष असते, तिच्यात लाइमचा जंतू नसतो. पहिलं जेवण ती बहुधा पांढऱ्या पायांच्या उंदरावर करते आणि तिथेच जंतू उचलते. उंदराला त्याचं काही वाटत नाही, तो मजेत हिंडतो. पुढच्या वसंतात ती आठ पायांचं पिल्लू होते आणि दुसऱ्या जेवणाच्या शोधात निघते. मे, जून, जुलै हे तिचे महिने. शाळेचे शेवटचे आठवडे, सहली, उन्हाळी शिबिरं, सगळं नेमकं याच काळात येतं. तिसरं जेवण प्रौढ मादीचं, आणि ते बहुतेक वेळा हरणावर. बिचारं हरीण बदनाम आहे, पण त्याच्यापासून गोचिडीला हा जंतू लागत नाही. ते तिला जेवू घालतं आणि तिची संख्या वाढवतं, एवढंच. जंतूचं कोठार म्हणजे उंदीर. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रूकच्या कॅरी इन्स्टिट्यूटने वर्षानुवर्षं जंगल मोजून दाखवलं की ओकच्या झाडांना फळांचं भरघोस पीक आलं की पुढच्या वर्षी उंदीर माजतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी जंतू बाळगणारी पिल्लं वाढतात. म्हणजे यंदाच्या गोचिडींचा हिशेब दोन वर्षांपूर्वीच्या झाडांकडे असतो.

जाता जाता एक गंमत. कॅलिफोर्नियात या गोचिडीची बहीण आहे, पण तिथे लाइमचा त्रास बराच कमी. एक कारण म्हणजे कुंपणावर ऊन खात बसणारा तिथला सरडा. पिल्लांना तो फार आवडतो, आणि त्याच्या रक्तातल्या प्रथिनांनी गोचिडीच्या पोटातले जंतूच मरतात. आमच्या वाट्याला मात्र उंदीर आले.

आता ती मुलाच्या अंगावर येते कशी? गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून टपकतही नाही. केसांत सापडते म्हणून ती वरून पडली असं वाटतं, पण बहुधा ती खालून वर चढत आलेली असते. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाला मागच्या पायांनी धरून पुढचे दोन पाय हवेत पसरून ती वाट पाहत बसते. पुढच्या पायांवर वास आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारं एक इंद्रिय असतं. कोणी घासून गेलं की ती पाय अडकवते, आणि मग चांगली जागा शोधत तास-दोन तासही अंगावर फिरते.

आणि तिला एका गोष्टीची भयंकर भीती आहे, ती म्हणजे कोरड्या हवेची. अंगातलं पाणी गेलं की ती मरते, म्हणून ओलसर पालापाचोळा आणि सावली हे तिचं घर. आखूड कापलेलं, दिवसभर उन्हात तापणारं फुटबॉलचं मैदान तिच्या दृष्टीने वाळवंट. न्यूयॉर्कच्या वेस्टचेस्टर काउंटीत घरांच्या आवारांतल्या गोचिडी मोजल्या गेल्या आणि 1991 मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. सुमारे 67 टक्के झाडीत, 22 टक्के झाडी आणि गवताच्या मधल्या न राखलेल्या पट्ट्यात, 9 टक्के शोभेच्या झाडाझुडपांत आणि कापलेल्या हिरवळीवर फक्त 2 टक्के. आमची पालकसभा ज्या मैदानावर फवारणी मागत होती, ती जागा म्हणजे हे 2 टक्के. चेंडू कुंपणापलीकडे गेल्यावर मुलं ज्या पाचोळ्यात गुडघ्यावर बसून हात घालतात, ती जागा म्हणजे उरलेले.

फवारणीबद्दल आणखी थोडं, कारण सभेत सगळ्यात जास्त घसे त्यावरच बसतात. एक तर शाळा मनात आणेल तेव्हा फवारू शकत नाही. कनेटिकटमध्ये 2010 पासून बालसंगोपन केंद्रांच्या आणि आठवीपर्यंतच्या शाळांच्या आवारात लॉनवरची कीटकनाशकं मारायला बंदी आहे. न्यूयॉर्कने त्याच वर्षी शाळांच्या मैदानांसाठी तसाच कायदा केला. आरोग्याला तातडीचा धोका असेल तर अपवाद आहे, पण रोजचं काम म्हणून नाही. मुलं त्या गवतावर लोळतात, हे कायदा करणाऱ्यांनी धरलेलं आहे.

दुसरं, फवारून काय होतं हे तपासलेलंही आहे. कनेटिकट, मेरीलँड आणि न्यूयॉर्कमधल्या 2,727 घरांच्या अंगणांत एक प्रयोग झाला. निम्म्या अंगणांत वसंतात एकदा कीटकनाशक फवारलं, निम्म्यांत नुसतं पाणी, आणि कोणत्या घराला काय मिळालं हे घरच्यांना सांगितलं नाही. औषधाच्या अंगणांत गोचिडी 63 टक्क्यांनी कमी झाल्या. इथपर्यंत ऐकलं की आपण टाळी वाजवायला तयार. पण त्या घरांतल्या माणसांच्या अंगावर गोचिडी सापडणं कमी झालं नाही आणि गोचिडीमुळे होणारे आजारही कमी झाले नाहीत. 2016 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. असं का, याचा अंदाज बांधता येतो: माणूस फक्त अंगणात राहत नाही, आणि उरलेल्या 37 टक्के गोचिडी चावायला पुरेशा असतात. हे वाचल्यावर माझी फवारणीची हौस फिटली.

घड्याळ

आता त्या आतड्याकडे परत येऊ. जंतू गोचिडीच्या आतड्याच्या भिंतीला चिकटून झोपलेले असतात. ती चावते, ऊबदार रक्त पोटात येतं, तेव्हा ते जागे होतात, अंगावरचं एक प्रथिन उतरवून दुसरं चढवतात, आतडं भेदतात आणि लाळग्रंथींकडे निघतात. लाळेतून ते मुलाच्या त्वचेत उतरतात. या प्रवासाला वेळ लागतो. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, सीडीसी, सांगतं की गोचीड साधारण 24 तासांहून जास्त चिकटून राहिली तरच लाइमचा जंतू अंगात जातो, आणि त्याआधी काढली तर धोका फारच कमी.

हा आकडा शाळेच्या घड्याळाशी लावून पाहा. मधली सुट्टी दुपारी बाराची. मुलगा झुडपातून चेंडू काढताना गोचीड चढली. ती फिरत फिरत दोनला चावली असं धरू. साडेतीनला तो घरी, रात्री आठला आंघोळ. म्हणजे शाळेत लागलेली गोचीड रात्री आंघोळीच्या वेळी सापडली तर तिला चावून जेमतेम सहा तास झालेले असतात. ज्या गोचिडीला आपण सगळ्यात जास्त घाबरतो, तीच सगळ्यात सहज वेळेत सापडण्यासारखी असते. खरी चिंता त्या गोचिडीची, जी शनिवारी आजोबांच्या अंगणात लागली आणि मंगळवारपर्यंत कोणी पाहिलीच नाही.

एक अपवाद सांगायला हवा. हीच गोचीड क्वचित पोवासान नावाचा विषाणूही देते आणि तो काही मिनिटांतही अंगात जाऊ शकतो. तो रोग दुर्मीळ आहे, पण गंभीर आहे. म्हणून 'चोवीस तास आहेत, उद्या बघू' असा या घड्याळाचा अर्थ लावू नका. दिसली की काढायची.

अंग तपासणं म्हणजे वरवर नजर टाकणं नव्हे. कानांमागे, केसांच्या मुळाशी, बगलेत, बेंबीत, कमरेला इलास्टिक बसतं त्या रेषेवर, जांघेत, गुडघ्यांच्या मागे. आमच्याकडे हे काम डोळ्यांपेक्षा बोटांनी होतं: शांपू लावताना डोक्यावरून बोटं हळू फिरवायची आणि नवा खरखरीत दाणा लागला की थांबायचं. गेल्या जूनमध्ये मुलीच्या कानामागे तो लागला. छातीत धस्स झालं. टॉर्च आणली, भिंग आणलं, नवऱ्याला हाक मारली. वाळलेलं चॉकलेट होतं. आठ दिवसांनी त्याच कानामागे पुन्हा दाणा लागला तेव्हा मी "चॉकलेट" म्हणून नखाने खरवडायला गेले आणि तो हलला.

घरी आल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ घातली तर न चावलेल्या गोचिडी वाहून जातात. आणि कपडे? इथे बहुतेक घरांत चूक होते, आमच्याही होत होती. कपडे थेट वॉशिंग मशीनमध्ये जातात. गार किंवा कोमट पाण्यात गोचीड मजेत पोहून निघते. तिला कोरडेपणाची भीती आहे हे आठवा: कोरडे कपडे आधी ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा, मग धुवायचे तर धुवा.

सहलीच्या दिवशी फिकट रंगाची लांब पॅंट, ती मोज्यांत खोचलेली. मुलं तोंड वाकडं करतात, करू द्या. त्वचेसाठी गोचिडींना दूर ठेवणारं, डीट किंवा पिकारिडिन असलेलं औषध चालतं. लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नाही. बुटांवर आणि कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून ठेवता येतं आणि ते चांगलंच उपयोगी पडतं, पण ते कपड्यांचं औषध आहे, अंगाला लावायचं नाही. घरात मांजर असेल तर पूर्ण वाळेपर्यंत तिला जवळ फिरकू देऊ नका, ओलं पर्मेथ्रिन मांजरांना विषारी असतं.

सापडली, आता?

टोकदार चिमटा घ्या. भुवयांचा बोथट चिमटा बहुधा तिच्या पोटावर बसतो आणि पोट दाबलं जातं. टोक जितकं त्वचेला टेकवता येईल तितकं टेकवून तिला तोंडाजवळ पकडा आणि सरळ वर, सावकाश, न झटकता ओढा. त्वचा तंबूसारखी उचलली जाते आणि मग ती सुटते. गोचिडीसारखा चिकटला असं आपण कोणाला म्हणतो ते किती खरं आहे, ते तेव्हा कळतं: तिच्या तोंडाला मागे वळलेले काटे असतात आणि भोवती ती एक प्रकारचं सिमेंट ओतते. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सहज निघेल तेवढा काढा, नाही तर सोडून द्या. जंतू त्या तुकड्यात नसतात, त्वचा तो बाहेर टाकेल. जागा साबणाने धुवा.

व्हॅसलिन फासणं, काडीपेटीचा चटका, नेलपॉलिश, हे सगळे आजीबाईंचे उपाय सोडा. ती स्वतःहून सुटेल अशी वाट पाहण्यात घड्याळ चालू राहतं, आणि चिडवलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकू शकते.

काढलेली गोचीड पारदर्शक चिकटपट्टीत बंद करा आणि पट्टीवर तारीख लिहा. ती सपाट आहे की फुगलेली, एवढं डॉक्टरांना दाखवायला ती पुरते. सपाट म्हणजे नुकतीच आलेली. पाठीवर पांढरा ठिपका असेल तर ती 'लोन स्टार' जातीची. मोठी, तपकिरी, पाठीवर पांढरट नक्षीची असेल तर कुत्र्यांवरची. या दोघी आणखी काही दुखणी देतात, पण लाइम देत नाहीत. गोचीड पैसे भरून प्रयोगशाळेत तपासायला पाठवू नका असं सीडीसीही सांगतं. तिच्यात जंतू निघाला म्हणजे तो मुलात गेला असं होत नाही, आणि निघाला नाही म्हणजे न दिसलेली दुसरी गोचीड चावली नसेल असंही नाही.

मग डॉक्टरांना फोन. गोचीड काळ्या पायांचीच असेल, 36 तास किंवा जास्त चिकटलेली असेल आणि काढून 72 तास उलटले नसतील, तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा एकच डोस देऊ शकतात, मुलांना वजनाप्रमाणे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा डोस घेतलेल्या 235 जणांत एकाला लाइमचा चट्टा उठला आणि खोटी गोळी घेतलेल्या 247 जणांत आठ जणांना. औषध चालतं, हे तर आहेच. पण दुसरा आकडा परत वाचा. लाइमच्या ऐन पट्ट्यात ही गोचीड चावली आणि औषध घेतलं नाही, तरी 247 पैकी 239 जणांना चट्टा उठलाच नाही. पालकसभेत हे वाक्य म्हणायला मला अजून धीर झालेला नाही.

डॉक्सिसायक्लिनने लहान मुलांचे दात पिवळे पडतात म्हणून पूर्वी आठ वर्षांखाली ते टाळत. तो डाग त्याच कुळातल्या जुन्या टेट्रासायक्लिन या औषधाचा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 पासून डॉक्सिसायक्लिन थोड्या दिवसांसाठी कोणत्याही वयात चालेल असं म्हटलं आहे.

यानंतर 30 दिवस चट्ट्यावर नजर. चावल्याच्या पहिल्या दोन दिवसांत येणारी छोटी लाल गांधी डासाच्या गांधीसारखी असते आणि जाते. ती लाइमची नव्हे. लाइमचा चट्टा 3 ते 30 दिवसांत, सरासरी आठवड्याने उठतो, आणि त्याची खूण म्हणजे तो पसरतो. आज रुपयाएवढा, परवा वाटीएवढा, पुढे बशीएवढा. फारसा खाजत नाही, दुखत नाही, हाताला गरम लागतो. 70 ते 80 टक्के रुग्णांत तो येतो. पुस्तकात दाखवतात तसा नेमबाजीच्या फळीसारखा, वर्तुळात वर्तुळ, असलाच पाहिजे असं नाही. बऱ्याचदा तो नुसता एकसारखा लाल असतो. आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर 'लाल' हा शब्दच फसवा. तिथे तो जांभळट, करडा, मुका मार लागल्यासारखा दिसतो. गोऱ्या मुलाचा फोटो समोर ठेवून आपल्या मुलाच्या पाठीवर तपासाल तर चुकाल. पेनाने कडेची रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी रेघ ओलांडली का ते पाहा.

चट्टा स्पष्ट असेल तर डॉक्टर रक्त तपासत नाहीत, सरळ औषध सुरू करतात. कारण रक्तात शोधतात ती अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. चट्ट्याच्या दिवशी केलेली तपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते आणि उगाच धीर देते. गोचीड चावल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेली तर निव्वळ सुई टोचणं. सभेतल्या त्या बाबांची सगळ्या मुलांच्या रक्ताची सूचना यासाठीच निरर्थक होती: ज्यांना नुकता लाइम झाला त्यांची तपासणी निगेटिव्ह येईल आणि ज्यांना पूर्वी होऊन बरा झाला त्यांची पॉझिटिव्ह, कारण अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहतात.

उपचार म्हणाल तर चट्ट्यासाठी 10 ते 14 दिवस साधी, तोंडाने घ्यायची अँटिबायोटिक, डॉक्सिसायक्लिन किंवा अमॉक्सिसिलिन. बहुतेक मुलं खडखडीत बरी होतात.

चट्टा आलाच नाही किंवा पाठीवर कोणाला दिसलाच नाही, तर पुढची लक्षणं ओळखता यायला हवीत. उन्हाळ्यात ताप, पण सर्दी-खोकला नाही. हसताना तोंडाची एकच बाजू वर जाते, एक डोळा नीट मिटत नाही: या भागात उन्हाळ्यात मुलाचा चेहरा असा वाकडा झाला की डॉक्टर आधी लाइमचा विचार करतात. छातीत धडधड किंवा चक्कर येऊन पडणं हे क्वचित, पण तसं झालं तर थेट इमर्जन्सी, कारण जंतू हृदयाच्या ठोक्यांची वायरिंग बिघडवू शकतो. आणि काही महिन्यांनी गुडघा. तो नारळासारखा सुजतो, तरी मूल त्यावर लंगडत चालतं, सूज जेवढी दिसते तेवढं दुखत नाही. पॉली मरे आणि जुडिथ मेन्श यांनी आपल्या घरात पाहिला तो हाच गुडघा. या टप्प्यावरही औषधाने बहुतेक मुलं बरी होतात, फक्त वेळ जास्त लागतो.

उपचारानंतरही थकवा, अंगदुखी, लक्ष न लागणं महिनोन्‌महिने राहिलेली माणसं आहेत. सीडीसीच्या मते हे प्रमाण 5 ते 10 टक्के. त्यांचा त्रास खरा आहे. पण त्यावर महिनेच्या महिने शिरेतून अँटिबायोटिक देण्याने फायदा होत नाही, उलट गंभीर अपाय झालेले आहेत, हे चाचण्यांतून दिसलं आहे. हजारो डॉलर घेऊन असे उपचार विकणारे आहेत. घाबरलेला पालक हे त्यांचं सगळ्यात सोपं गिऱ्हाईक.

लस का नाही, हा प्रश्नही दर सभेत येतो. होती. 1998 मध्ये मंजूर झाली, 15 वर्षांवरच्यांसाठी, आणि 2002 मध्ये कंपनीने खप नाही म्हणून मागे घेतली. तिची तऱ्हा मोठी मजेशीर होती: लस घेतलेल्या माणसाचं रक्त प्यायलेल्या गोचिडीच्या पोटातच जंतू मरायचे. त्याच कल्पनेवरच्या नव्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी 2022 मध्ये सुरू झाली, आणि तिच्यात पाच वर्षांपासूनची मुलंही घेतली. कुत्र्यांना मात्र इतकी वर्षं लस मिळत आली आहे. आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा लाइमपासून सुरक्षित आहे, मुलं नाहीत.

राहिली शाळा. फवारणी सोडून शाळेकडे मागण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते स्वस्तही आहे. मैदान आणि झाडी यांच्यामध्ये लाकडाच्या ढलप्यांचा किंवा खडीचा मीटरभर रुंद कोरडा पट्टा. झोपाळे, घसरगुंड्या झाडीच्या कडेपासून दूर, उन्हात. कुंपणालगतचा पाचोळा वसंतात उचललेला. बाहेरच्या वर्गासाठी मुलांना ओंडक्यांवर आणि दगडी बांधांवर बसवणं बंद, कारण उंदरांचं घर तिथेच असतं. आणि नर्सला एक प्रश्न विचाराच: शाळेत गोचीड सापडली तर तुम्ही लगेच काढता, की आम्ही येईपर्यंत थांबता? उत्तर शाळेगणिक वेगळं मिळतं. थांबणार असतील तर परवानगीचा कागद आजच सही करून द्या.

यंदाच्या सभेत शेवटी मी हात वर केला आणि खडीच्या पट्ट्याचं बोलले. फवारणीवाल्यांना ते फारच किरकोळ वाटलं. मुख्याध्यापिकांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मागच्या कुंपणापाशी ढलप्यांचा ढीग आणि दोन फावडी दिसली, आणि शनिवारी सकाळी नऊला कोण कोण येऊ शकेल अशी चिठ्ठी मुलीच्या दप्तरातून आली.